चीनचा डोटा नेमका कुठे हरवला? २०१६ नंतर एकही टीआय नाही

पाचवा_गेम

मंडळी, हॅम्बुर्गची फायनल बघितल्यापासून हा विषय डोक्यातून जातच नाहीये, म्हणून शेवटी धागा काढतोय. २०२५ चा टीआय, म्हणजे 'द इंटरनॅशनल', डोटा २ या पाच विरुद्ध पाच कॉम्प्युटर गेमची सगळ्यात मोठी वार्षिक स्पर्धा. फाल्कन्स विरुद्ध चीनची एक्सट्रीम गेमिंग, फाल्कन्स ३-२. एक्सट्रीमचा अमे तिसऱ्यांदा फायनल हरला आणि तिसऱ्यांदा पाचव्या गेममध्ये हरला. एलजीडी टीममध्ये असताना २०१८ ला व्हँकुव्हरला ओजीकडून, २०२१ ला बुखारेस्टला स्पिरिटकडून आणि आता हे. तिन्ही फायनल मी लाइव्ह बघितल्यात आणि तिन्ही वेळा एन्शंट (जी इमारत पडली की गेम संपतो ती) पडल्यावर कितीतरी वेळ नुसता बसून राहिलोय, कुणाशी बोलावंसंही वाटलं नाही.

मी बघायला लागलो तेव्हा चीनचा दबदबा काय होता हे आता नवीन लोकांना सांगून खरं वाटत नाही. २०१२ ला पाच चिनी टीम सिएटलला गेल्या, आयजी, एलजीडी, डीके, ईहोम, टोंगफू, आणि पाचच्या पाच पहिल्या आठात आल्या. फायनलला आयजीने नावीला ३-१ हरवलं. झोऊ, फेरारी ४३०, वायवायएफ, चुआन आणि फेथ, ही पाच नावं मला अजून तोंडपाठ आहेत. २०१४ ला तर फायनलच चिनी-चिनी, न्यूबी आणि व्हीजी. २०१५ ला ईजी जिंकली खरी पण दुसरी, तिसरी, चौथी तिन्ही टीम चीनच्या. २०१६ ला विंग्स. सम वर्ष आलं की कप चीनला जाणार असं लोक धरूनच चालायचे.

आणि मग थांबलंच. विंग्सनंतर एकही कप नाही.

याची दोन उत्तरं नेहमी ऐकायला मिळतात. एक म्हणजे नशीब, की बाबा तीन वेळा एका गेमने गेलं, त्यात काय शोधायचं. दुसरं म्हणजे तिथल्या सरकारने मुलांच्या खेळण्यावर वेळेची मर्यादा घातली म्हणून सगळं संपलं. मला दोन्ही पटत नाहीत. नशीब म्हणावं तर ते एकदा फिरेल, दोनदा फिरेल, इतकी वर्षं एकाच बाजूला कसं फिरेल. आणि मर्यादेचा तो कडक नियम सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला, त्याच्याआधीच पाच वर्षं कप आला नव्हता ना. मग मुळात बिनसलं कुठे? ज्यांनी जुना काळ नीट बघितलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, दोन ओळीत उडवून लावू नका.

जुना_डोटाकर

भाऊ, प्रश्न चांगला काढलास, पण तू फायनलच्या बाजूने बघतोयस. फायनल बघून हे कळणार नाही, कारण वरची टीम कधी ढासळलीच नाही. तिच्या खालचं सगळं आटलं.

२०१५ चं उदाहरण घे. त्या वर्षी फायनलला गेलेली सीडेक आठवते? ती काही मोठ्या पगाराची टीम नव्हती. सीडेक नावाची चिनी खेळाडूंची एक इनहाउस लीग होती, म्हणजे चांगली चांगली पोरं रोज आपापसात खेळायची, त्यातून ती टीम उभी राहिली आणि काही काळ एलजीडीची ज्युनियर टीम म्हणून खेळली. वाइल्डकार्डमधून टीआयमध्ये शिरली, वरच्या ब्रॅकेटच्या (एकदाही न हरलेल्या टीमच्या गटाच्या) फायनलला ईजीलाही हरवलं आणि थेट ग्रँड फायनलला. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी अ‍ॅग्रेसिफ, शिकी ही नावं चीनच्या बाहेर फार कमी लोकांना माहीत होती. मुद्दा हा की तेव्हा चीनची ज्युनियर टीम उठून जगात दुसरी येत होती. पुढच्याच वर्षी विंग्स आली, तीही विशीच्या आसपासची पोरं, मोठं नाव एकही नाही.

आता २०२३ चा टीआय बघ. चौथी आली अझुर रे. त्यात कोण होतं? सोमनस, चॅलिस, एफवाय, एक्सनोव्हा आणि लू. पहिली चार नावं परत वाच. २०१८ ला ओजीकडून हरलेल्या एलजीडीतले अमे सोडून बाकीचे चारही जण! पाच वर्षांनी तीच माणसं, फक्त जर्सी वेगळी. आणि हॅम्बुर्गला तू ज्यांना बघितलंस त्या एक्सट्रीममध्ये अमे आणि एक्सनोव्हा २०१८ चे, झिनक्यू २०२१ चा. त्याच स्पर्धेत टाइडबाउंडकडून फेथबियान आणि वाय खेळत होते, हे दोघं २०१६ ला विंग्सकडून कप जिंकलेले. नऊ वर्षं झाली रे. माणसं मध्ये थांबली, दमली, परत आली, आणि परत यावं लागलं कारण त्यांची जागा घ्यायला मागे फारसं कुणी उभंच नव्हतं.

मी या खेळाडूंना कमी लेखत नाहीये, उलट माझ्या मनात त्यांच्याबद्दल प्रचंड आदर आहे, इतकी वर्षं या पातळीवर टिकणं म्हणजे काय असतं ते खेळणाऱ्यालाच कळतं. पण एखाद्या रीजनची ताकद मोजायची तर त्यांची सगळ्यात चांगली टीम कितवी आली हे बघून उपयोग नाही, त्यांची तिसरी, चौथी टीम कशी खेळते आणि दर वर्षी किती नवीन नावं वर येतात ते बघायचं. २०१२ ला चीनची पाचवी टीम पहिल्या आठात होती. ते गेलं.

बुखारेस्टला समोर कोण होतं ते आठव. स्पिरिटने ती पोरं २०२० च्या शेवटी घेतली होती, त्याआधी यलो सबमरीन नावाने खेळायची, फार कुणाच्या खिजगणतीत नव्हती. त्यांचा कॅरी, म्हणजे शेवटी गेम जिंकून देणारा मुख्य खेळाडू, यातोरो १८ वर्षांचा. लोअर ब्रॅकेटमधून (एकदा हरलेल्या टीमच्या गटातून) आले, दोन वेळच्या विजेत्या ओजीलाही बाहेर काढलं आणि जिंकले. ती टीम म्हणजे सहा वर्षांपूर्वीची सीडेकच, फक्त आता अशी पोरं चीनमधून येण्याऐवजी दुसरीकडून येत होती. मला त्या दिवशी हरण्यापेक्षा हे जास्त लागलं.

वॉर्डवाली

जुना_डोटाकर यांच्याशी सहमत, पण खालचं आटलं म्हणजे पोरं गेली कुठे हे पण सांगायला हवं ना. चीनमध्ये खेळणाऱ्या मुलांची कमी कधीच नव्हती. ती दुसऱ्या गेमला गेली.

मी स्वतः वॉरक्राफ्ट थ्री या गेमवर बनलेल्या जुन्या डोटापासून बघतेय, त्या काळात तिथे नेट कॅफेत जिकडे तिकडे डोटाच, ईहोमची २०१० ची टीम तर जवळजवळ हरायचीच नाही. बर्निंग, झेडएसएमजे, २००९ (हे पण खेळाडूचंच नाव), आरओटीके हे सगळे तिथूनच आलेले. पण डोटा दोन यायच्या वेळी एक मोठी फट पडली. लीग ऑफ लेजेंड्स हा डोटासारखाच गेम टेन्सेंट कंपनीने चीनमध्ये २०११ लाच आणला. डोटा दोन परफेक्ट वर्ल्ड कंपनीमार्फत तिथे रीतसर यायला २०१३ उजाडलं. दोन वर्षं म्हणजे शाळकरी मुलासाठी फार मोठा काळ असतो, ज्या वयात हात बसतो त्याच वयात त्याच्या सगळ्या मित्रांच्या कॉम्प्युटरवर दुसरा गेम आला. एकदा मित्रमंडळ तिकडे गेलं की तो एकटा इकडे थांबत नाही. मग २०१५ ला मोबाइलवर ऑनर ऑफ किंग्ज आला आणि त्याच्या पुढच्या मुलांना तर कॉम्प्युटरही लागला नाही.

म्हणजे हिशोब लावून बघा. २०१२ ते २०१६ जिंकणारे बहुतेक खेळाडू जुन्या डोटावर वाढलेले. तो साठा पुरला तोपर्यंत चीन जिंकला. त्यानंतरची जी पिढी यायला हवी होती ती लीगमध्ये होती.

आणि ती तिथे जिंकतही होती हो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एलजीडी ओजीकडून हरली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये इंचॉनला इन्व्हिक्टस गेमिंगने लीगचं वर्ल्ड्स, म्हणजे त्या गेमची जागतिक स्पर्धा, जिंकलं. तोच आयजी क्लब ज्याने २०१२ ला आपला टीआय जिंकला होता! पुढच्या वर्षी फनप्लस फीनिक्स, २०२१ ला ईडीजी. बुखारेस्टनंतर महिनाभरात ईडीजीचा कप बघितला तेव्हा मला आनंद पण झाला आणि रडू पण आलं, कारण वाटलं यातली दोन पोरं जरी लहानपणी डोटाकडे वळली असती तरी आज चित्र वेगळं असतं. म्हणून मला "चीन संपला" हे वाक्यच चुकीचं वाटतं. चीनने डोटा सोडला असं म्हणा, निदान तिथल्या मुलांनी तरी.

ड्राफ्ट_बघणारा

तुम्ही दोघंही मैदानाबाहेरचंच बोलताय, मी थोडं गेमच्या आतलं बोलतो. खेळाडू कमी झाले मान्य, पण जे होते ते जगातले सर्वोत्तम होते ना? मग शेवटचा गेम का जात होता?

जुनी चिनी पद्धत आठवा. चौघांनी एकाला सांभाळायचं, कॅरीला भरपूर फार्म, म्हणजे सोनं गोळा करायला मोकळीक, नकाशा हळूहळू आपल्या ताब्यात घ्यायचा, चूक करायची नाही आणि समोरच्याच्या चुकीची वाट बघायची. लोक याला कंटाळवाणं म्हणायचे, मला तर ते बघायला फार आवडायचं, एखादा माणूस शांतपणे बुद्धिबळ खेळतोय असं वाटायचं. शिस्त हे त्यांचं शस्त्र होतं. पण डिसेंबर २०१६ ला ७.०० पॅच (गेमचा मोठा अपडेट) आला, हिरोंना टॅलेंट आले, नकाशा बदलला, आणि तिथून पुढे खेळ लवकर मारामारीकडे सरकत गेला, सपोर्टनाही (कॅरीला मदत करणाऱ्या खेळाडूंना) पैसे आणि लेव्हल मिळायला लागल्या. चौघांनी एकाला सांभाळायची गरजच कमी झाली.

यात मला सगळ्यात जास्त वाईट विंग्सचं वाटतं. कारण विंग्स जुन्या चिनी पद्धतीची टीम नव्हतीच, ते कुठलाही हिरो काढायचे, दर गेमला वेगळा ड्राफ्ट (हिरोंची निवड), समोरच्याला बॅन काय करायचं, म्हणजे कुठला हिरो निवडीतून काढायचा, तेच कळायचं नाही. येणाऱ्या काळाला जशी टीम हवी होती अगदी तशी ती चीनकडे आधीच होती! आणि ती वर्षभर पण टिकली नाही. क्लबशी बिनसलं, पोरं बाहेर पडली, टीम रँडम नावाने थोडं खेळली आणि पुढच्या टीआयच्या आधीच पाचही जण वेगळे झाले. गतविजेते पुढच्या वर्षी कप राखायला मैदानात नव्हते, असं दुसऱ्या कुठल्या खेळात होतं का सांगा. एक टीम मोडली एवढ्यापुरतंच ते नव्हतं, त्या पद्धतीने खेळायचं कसं हे शिकवणारी शाळाच बंद पडली असं मी म्हणेन.

नंतरच्या फायनलमध्ये परत जुना स्वभाव दिसतो. २०१८ ला एलजीडी २-१ ने पुढे, चौथ्या गेममध्येही पुढे, आणि तिथून ओजीच्या सेबचा अ‍ॅक्स हा हिरो आत घुसत राहिला आणि यांना गेम बंद करता आला नाही. २०२१ ला ०-२ वरून २-२ केलं, अंगावर काटा आला होता माझ्या, आणि पाचव्या गेमला स्पिरिटच्या कोलॅप्सला मॅग्नस हा हिरो बॅन न करता मोकळा सोडला. अख्ख्या जगाला माहीत होतं तो मॅग्नसवर काय करतो. त्यांना वाटलं असणार आपण त्याला उत्तर तयार ठेवलंय. आपल्या तयारीवरचा तो विश्वास म्हणजेच जुना चिनी डोटा, आणि त्यानेच हाताशी आलेला घास गेला.

पाचवा_गेम

वॉर्डवाली, लीगचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी अशा पद्धतीने आला नव्हता, म्हणजे २०१६ लाच साठा संपत आलेला होता आणि आपण जिंकल्याच्या आनंदात होतो, हे वाचून जरा पोटात खड्डा पडला.

ड्राफ्ट_बघणारा, मॅग्नसबद्दल एकदम मान्य, तो बॅन स्क्रीनवर यायची मी वाट बघत होतो आणि तो आलाच नाही. पण मला एक सांग, २०२१ ला तर चीन परत वर आला होता ना? सिंगापूर मेजरला (मेजर म्हणजे टीआयखालोखालची मोठी स्पर्धा) आयजीने ईजीविरुद्ध ०-२ वरून ३-२ केलं, लगेच पुढचं मेजर एलजीडीने ईजीलाच ३-० हरवून घेतलं. वर्षातली दोन्ही मेजर चीनकडे. पद्धत जुनी झाली असेल तर ते कसं जमलं? आणि पैशाबद्दल कुणीच बोललं नाही अजून, त्याचा काही हात आहे का?

जुना_डोटाकर

२०२१ बद्दल मी सांगतो. तेच वर्ष लोकांना फसवतं. त्या एलजीडीत फेथबियान आणि वाय हे विंग्सचे, अमे २०१८ चा, मिडला (नकाशाच्या मधल्या वाटेवर) नथिंगटूसे मलेशियाचा. म्हणजे चीनकडे जे काही उत्तम उरलं होतं ते सगळं एका टीममध्ये गोळा केलं आणि ती टीम जगात पहिली झाली. पण सगळं सोनं एकाच हंड्यात भरलं की बाकीची भांडी रिकामी दिसणारच. मलेशियाचे खेळाडू आधीही होते, चुआन २०१२ ला होताच, त्यात गैर काही नाही, पण तेव्हा ते भर म्हणून यायचे, नंतर नंतर त्यांच्यावाचून टीम उभीच राहीना.

पैशाचा हात आहे, पण तो प्रश्नाची सुरुवात नाही, त्याने नंतर जखम वाढवली. २०२१ च्या टीआयला ४ कोटी डॉलर बक्षीस होतं, एकट्या स्पिरिटला १ कोटी ८२ लाख. २०२३ ला डोटा बनवणाऱ्या व्हॉल्व्हने जुना बॅटल पास (ज्याच्या विक्रीतला वाटा बक्षिसात जायचा) बंद केला आणि रक्कम एकदम ३० लाखांच्या आसपास आली. सगळ्या जगालाच तो फटका बसला, पण ज्या रीजनमध्ये क्लब आधीच डोटाच्या टीमकडे खर्च म्हणून बघायला लागले होते तिथे जास्त बसला. त्यात स्ट्रीमिंगचं पण बघ. झोऊ, वायवायएफ यांनी खेळणं थांबवून स्ट्रीमिंगमध्ये मोठं नाव काढलं, त्यांच्याकडे बघून वाटायचं खेळाडूचं पुढचं आयुष्य तरी सुरक्षित आहे. २०१९ ला पांडा टीव्ही ही स्ट्रीमिंग साइट बंद पडली, २०२१ ला हुया आणि दोयू या अशाच दोन साइट एकत्र होणार होत्या ते सरकारने अडवलं. म्हणजे तो रस्ता पण अरुंद झाला. सतरा अठरा वर्षाच्या पोराला घरी जाऊन सांगायचं आहे की मी शाळा सोडून हे करतो, तर त्याच्या आईबापाला तो काय दाखवणार?

आणि वेळेची मर्यादा. सुरुवात तिथून झाली नाही हे तुझं बरोबर, पण तो मुद्दा टाकून पण देऊ नकोस. अठरा वर्षांखालच्यांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९. आठवड्याला तीन तास. डोटासारखा गेम, शंभराच्या वर हिरो, तो तीन तासात शिकायचा कसा? एक गेम पाऊण तास चालला तर दिवसाला एकच, म्हणजे संपूर्ण आठवड्यात तीन गेम. ज्या गेमला मुलं भरपूर येतायत त्याला हा नियम त्रास देईल, पण ज्याचा झरा आधीच बारीक झालाय त्याचा तर गळाच आवळला जाईल. यातोरो १८ व्या वर्षी कप उचलतो याचा अर्थ १३-१४ व्या वर्षी तो दिवसाचे कितीतरी तास खेळत होता. तसा मुलगा चीनमध्ये आज तयार व्हायचा तर तो १८ पूर्ण झाल्यावर सुरुवात करणार.

रोशनच्या_गुहेत

एक कडू गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मॅचफिक्सिंग. मी न्यूबीचा कट्टर फॅन. २०१४ ला हाओ, मू, श्याओ८, बनाना, सॅनशेंग यांनी कप उचलला तेव्हापासून. २०१७ ला लिक्विडकडून फायनलला ०-३ हरली तेव्हाही मी सोबतच होतो. आणि २०२० मध्ये त्याच नावाच्या टीमच्या तेव्हाच्या रोस्टरवर फिक्सिंगसाठी कायमची बंदी आली, आधी तिथल्या संघटनेची आणि नंतर व्हॉल्व्हचीही. माझ्यासाठी ते कुणीतरी गेल्यासारखं होतं. मी जवळजवळ वर्षभर डोटा बघितला नाही.

मग २०२३ ला परत, या वेळी एकदम चाळीसच्या वर खेळाडूंवर बंदी, काहींवर कायमची. हे बहुतेक खालच्या फळीतले होते. जुना_डोटाकर दादा म्हणतात खालचं आटलं, तर त्या खालच्या फळीत जे थोडे उरले होते त्यातलेही इतके एका फटक्यात गेले. बंदी घातली ते योग्यच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण असं का होतं याचा विचार केला तर वाईट वाटतं. वरती जाण्याची आशा नाही, पगार नीट नाही, आणि कुणीतरी एका हरलेल्या मॅचचे पैसे देतो म्हणतो. जिथे पुढे काही दिसत नाही तिथे माणूस असा वाकतो. म्हणून मला फिक्सिंग हे पडझडीचं कारण कमी आणि लक्षण जास्त वाटतं.

स्मोक_लावा_आधी

सीएस (काउंटर-स्ट्राइक हा गेम) बघणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. स्वीडनचं असंच झालं. एनआयपीचा ८७-० चा रेकॉर्ड, मग पहिल्या सहा मेजरपैकी चार स्वीडनची, तीन फनॅटिक आणि एक एनआयपी. २०१५ चं कलोन शेवटचं, त्यानंतर एकाही स्वीडिश टीमने मेजर जिंकलेलं नाही. तिथे पण तीच गत, तेच दहा बारा खेळाडू या टीममधून त्या टीममध्ये फिरत राहिले, २०१६ ला फनॅटिकचे तिघं गॉडसेंटला गेले, मग परत आले, आणि तोवर डेन्मार्कमध्ये अ‍ॅस्ट्रॅलिस उभी राहिली. वेळेची मर्यादा नाही, लीग ऑफ लेजेंड्सचं एवढं वेड नाही, तरी झालं. त्यामुळे मला वाटतं जिंकणाऱ्या रीजनला आपल्या जुन्या नावांचा मोह सोडवत नाही, हे सगळ्यात वरचं कारण असावं.

वॉर्डवाली

स्मोक_लावा_आधी, मोहाचा मुद्दा अर्धाच मान्य. अमेला बसवून नवीन मुलगा खेळवायचा तर तो अमेपेक्षा चांगला हवा ना, निदान दोन वर्षांत होईल असा तरी. स्वीडनकडे कदाचित अशी पोरं होती आणि संधी दिली नाही. चीनकडे ती मोजकीच आहेत. एक्सट्रीमचा मिड एक्सएम बघा, नवीन मुलगा आला आणि जमला तर त्याला कुणी बाहेर बसवलं नाही, तो थेट टीआयची फायनल खेळला. म्हणजे दार उघडं आहे, त्यातून आत येणारेच कमी आहेत.

आणि हो, हांगझोउ एशियन गेम्सला २०२३ ला चीनने मंगोलियाला हरवून डोटाचं गोल्ड घेतलं. चीनमधल्या वर्तमानपत्रात, टीव्हीवर डोटाचं नाव ज्या दिवशी सगळ्यात मोठं आलं असेल तो दिवस कदाचित हाच. एखाद्या बारा वर्षाच्या मुलाने ते बघितलं असेल का, आणि बघून त्याला हा गेम शिकावासा वाटला असेल का, हा विचार मी बरेचदा करते.

ड्राफ्ट_बघणारा

वॉर्डवाली, एक्सएमचं उदाहरण बरोबर दिलंत. हॅम्बुर्गला मला पहिल्यांदा वाटलं की ही टीम भीतीने खेळत नाहीये. २०१८ आणि २०२१ ला शेवटच्या गेममध्ये हात आखडल्यासारखे वाटत होते, या वेळी तसं नव्हतं, समोरचे चांगले खेळले. फाल्कन्समध्ये स्किटर आणि स्नीकिंग होते, दोघंही २०२२ ला टुंड्राकडून जिंकलेले, त्यांना टीआयची फायनल जिंकणं काय असतं ते माहीत होतं. त्यामुळे माझी आधीची पोस्ट मी थोडी मागे घेतो, पद्धतीचा अडसर आता बराच कमी झालाय. राहिला तो माणसांचाच प्रश्न, म्हणजे तुम्ही दोघं म्हणत होता तोच.

पाचवा_गेम

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. प्रश्न विचारताना माझ्या डोक्यात फक्त त्या तीन रात्री होत्या. आता अझुर रे आणि टाइडबाउंडची नावं परत वाचली आणि जाणवलं की मी इतकी वर्षं त्याच माणसांना चिअर करत आलोय आणि ती नवीन का नाहीत हे कधी विचारलंच नाही.

२०२६ चा टीआय शांघायला आहे. मागच्या वेळी २०१९ ला तिथेच होता तेव्हा घरच्या प्रेक्षकांसमोर एलजीडी तिसरी आली होती आणि ओजी दुसऱ्यांदा कप घेऊन गेली. या वेळी मी चीनच्या क्वालिफायरपासून बघायचं ठरवलंय, अगदी पहिल्या ओपन क्वालिफायरपासून, जिथे टीमच्या नावाला लोगो पण नसतो. कोणाला सोबत बघायचं असेल तर इथेच सांगा, आपण प्रत्येक टीममधली नवीन नावं याच धाग्यात लिहीत जाऊ. वॉर्डवाली, तुम्ही जुने खेळाडू माझ्यापेक्षा जास्त ओळखता, तर कोण नवीन आणि कोण नाव बदलून परत आलाय एवढं तुम्ही बघाल का?

वॉर्डवाली

बघते. नाव बदलणारे चीनमध्ये खूप असतात, एकेकाची चार चार नावं. पहिल्या दिवसापासून वही घेऊन बसते.